मॅसी १०३५ ची लिफ्ट गरम झाल्यावर उचलत नाही, पंप बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी मॅसी १०३५ (मॅसी फर्ग्युसनचा ट्रॅक्टर), सेकंडहँड घेतलेली. सकाळी थंड असताना पाच फुटी रोटाव्हेटर झटक्यात उचलते. तास-दीड तास काम झालं की लिफ्ट, म्हणजे अवजार उचलणारे मागचे हात, अर्ध्यावर येऊन थांबते. रेस वाढवली तर कशीबशी वर जाते, आणि वर गेल्यावरही बांधावर वळताना रोटाव्हेटर सारखा खालीवर डुलतो. गॅरेजवाला म्हणतो पंप गेला, नवीन टाका. टाकावा का?

लगेच नको. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत "गरम झाल्यावर" आणि "रेस वाढवली तर" या दोन गोष्टी पंपाकडे बोट दाखवतात खऱ्या, पण तिसरी गोष्ट, म्हणजे ते डुलणं, वेगळीकडे बोट दाखवतं. मॅसीचा पंप बदलून पैसे गेले आणि लिफ्ट तशीच राहिली, अशी ट्रॅक्टरं आमच्या कामात कायम येतात. पंप तेल देत नाही, की पंपाने दिलेलं तेल वाटेत कुठेतरी परत गळतंय, हा सगळा प्रश्न आहे. याचं उत्तर मिळेपर्यंत एकही बोल्ट सोडू नका.

आधी हा पंप कसा चालतो ते समजून घ्या, कारण महिंद्रा-स्वराजवर हात बसलेले पुष्कळ फिटर मॅसीवर चुकतात ते इथेच. मॅसीचा पंप बाहेरून दिसत नाही. सीटखालच्या लिफ्ट कव्हरच्या पोटात, हाऊसिंगच्या तळाशी, गिअरच्याच तेलात बुडून तो बसलेला असतो. पीटीओची, म्हणजे रोटाव्हेटरसारख्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टची, लाईन त्याच्यातूनच मागे जाते आणि तीच त्याला फिरवते. पंपाच्या शाफ्टवर दोन इसेंट्रिक (मध्य सोडून बसवलेल्या गोल चकत्या) असतात, एकमेकांशी काटकोनात. प्रत्येकावर एक कॅम ब्लॉक, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक पिस्टन. असे चार पिस्टन, शाफ्टच्या एका फेऱ्यात आळीपाळीने तेल ढकलतात.

खरी गंमत कंट्रोल वॉल्व्हची आहे. बाकीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत पंप सतत तेल ओढत आणि ढकलत असतो, आणि ते तेल लिफ्टला द्यायचं की टाकीत परत सोडायचं हे पुढचा वॉल्व्ह ठरवतो. मॅसीत वॉल्व्ह पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला आहे. तो मधोमध असला की पंप नुसता फिरतो, तेल ओढतच नाही, आणि सिलेंडरमधलं तेल कोंडलेलं राहतं. एकीकडे सरकला की पंपाला तेल मिळतं, लिफ्ट वर. दुसरीकडे सरकला की सिलेंडरमधलं तेल हाऊसिंगमध्ये परत, लिफ्ट खाली. फायदा असा की लिफ्ट नुसती धरून ठेवताना पंपावर ताण नाही आणि तेल उगीच तापत नाही. तोटा असा की हा एवढासा वॉल्व्ह थोडा जरी अडकला तरी चांगला पंपही मेल्यासारखा वागतो.

ही रचना हॅरी फर्ग्युसनची. ड्राफ्ट कंट्रोलचं, म्हणजे अवजारावर ओढ वाढली की लिफ्ट आपोआप सावरण्याच्या सोयीचं, पेटंट त्याने १९२६ च्या आसपासच मिळवलं होतं. पुढे १९३९ मध्ये फोर्डबरोबर आणि १९४६ पासून स्वतःच्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये त्याने ही पद्धत आणली. फोर्डशी बिनसल्यावर झालेला खटला १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर मिटला, आणि त्या तडजोडीत ओढणाऱ्या बाजूला कंट्रोल वॉल्व्ह असलेला पंप फोर्डने बनवायचं थांबवावं, असं एक कलमच होतं. चेन्नईची टाफे १९६० ची, तिने मॅसी फर्ग्युसनचं तंत्र घेऊन ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, आणि आपल्या वाड्यावस्त्यांवर हीच लिफ्ट आली. म्हणजे तुमच्या सीटखाली जे आहे ते ऐंशी-नव्वद वर्षं टिकलेलं डिझाईन आहे. ते सहजासहजी "जात" नाही. झिजतं, आणि झिजल्याच्या खुणा आधी दाखवतं.

आता तपासणी. सगळ्यात आधी तेल. ट्रॅक्टर सपाट जागेवर, लिफ्ट पूर्ण खाली, इंजिन बंद, मग डिपस्टिक. तेल कमी असेल तर चढावर किंवा रोटाव्हेटर उचलताना पंप हवा ओढतो आणि लिफ्ट धक्के देत वर जाते. तेलाचा रंग बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत हे हमखास दिसतं. पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरात गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असेल तर तिथूनही पाणी उतरतं. अशा तेलावर कंट्रोल वॉल्व्हला गंज धरतो.

आणखी एक गोष्ट मालकाला कोणी सांगत नाही. ट्रॅक्टर विकायच्या आधी काही लोक हाऊसिंगमध्ये मुद्दाम जाड तेल घालतात. झिजलेला पंपही जाड तेलावर थोडे दिवस बरा उचलतो, गिऱ्हाईक शेतात फिरवून बघतं आणि खूश होऊन घेऊन जातं. तुमचा सेकंडहँड आहे, म्हणून सांगतो. तेलाचा भरवसा नसेल तर सगळं काढा आणि कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच भरा. गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट, तिघांना एकच तेल आहे हे विसरू नका. दुकानदार "गिअर ऑइलच आहे ना" म्हणून कुठलंही जीएल-५ दर्जाचं तेल देईल, पण त्यातली काही तेलं ब्राँझच्या बुशांना चांगली नसतात.

तेल सोडताना ते थेट नाल्यात किंवा बांधावर सोडू नका, स्वच्छ घमेल्यात घ्या. तळाला जे बसतं ते बोटांवर घेऊन उन्हात धरा. काळा बारीक गाळ चुंबकाला चिकटला तर लोखंड आहे, इतक्या जुन्या गिअरबॉक्समध्ये तो थोडा असणारच. पिवळी चकाकी दिसली आणि चुंबकाने ती उचलली नाही तर कुठला तरी बुश खाल्ला जातोय, पंपाचा किंवा गिअरबॉक्सचा. रबराचे तुकडे दिसले तर ओरिंग (तेल अडवणारी रबरी कडी) फुटलेली आहे. हे दहा मिनिटांचं काम पुढचा निम्मा अंदाज देतं. तुमच्या पंपाला तेल ओढायच्या तोंडाशी जाळी असेल तर तीही याच वेळी साफ करा. जाळी तुंबली असेल तर लक्षण मात्र उलटं दिसतं: थंड असताना पंप ओरडतो, लिफ्ट सावकाश येते, आणि तेल गरम होऊन पातळ झाल्यावर सुधारते. तुमचं तसं नाही, म्हणून जाळीवर माझा संशय कमी.

दुसरी तपासणी लिव्हरची. हसू नका. मॅसीला ड्राफ्ट आणि पोझिशन (अवजार ठरावीक उंचीवर धरणारा) असे दोन लिव्हर असतात. रोटाव्हेटर पोझिशनवर चालवायचा आणि त्या वेळी ड्राफ्टचा लिव्हर वर ठेवायचा. नव्या ड्रायव्हरने तो मधेच कुठेतरी सोडला तर लिफ्ट तिच्या मर्जीने वागते आणि दोष पंपावर येतो. त्याच जोडीला टॉप लिंक जिथे जोडतो तिथली जाड कंट्रोल स्प्रिंग बघा. अवजार काढून ठेवा आणि स्प्रिंग चिमटीत धरून फिरवा. ती हाताने फिरली पाहिजे, पण पुढेमागे हलता कामा नये. हलत असेल तर ड्राफ्टचा इशारा वॉल्व्हपर्यंत उशिरा पोचतो. घट्ट आवळलेली असेल तर ती आधीच दाबलेली आहे. नांगराच्या वेळी "लिफ्ट ऐकत नाही" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच निघतं.

तिसरं, पीटीओ. पंप त्याच लाईनवर फिरतो, म्हणून पीटीओ दमदार फिरतोय का बघा. ड्युअल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबल्यावर गाडी थांबते पण लिफ्ट चालू राहते, पूर्ण दाबल्यावर दोन्ही थांबतात. क्लचची दुसरी प्लेट घसरत असेल तर रोटाव्हेटरही दम सोडेल आणि लिफ्टही. तुमचा रोटाव्हेटर माती नीट फोडतोय असं धरून चालतो.

आता मुख्य तपासणी, आणि ही गरम तेलावरच करायची. तास-दीड तास काम करून या, रोटाव्हेटर पूर्ण उचला आणि इंजिन बंद करा. रोटाव्हेटरचा एक ठरावीक बिंदू जमिनीपासून किती उंचीवर आहे ते काठीवर खडूने मारून ठेवा. कोणीही खाली जायचं नाही, पाय सुद्धा घालायचा नाही. उचललेल्या अवजाराखाली शिरून लोक जीवानिशी गेलेत. थोड्या वेळाने पुन्हा काठी लावून बघा.

रोटाव्हेटर जिथल्या तिथे राहिला, किंवा अगदी थोडा उतरला, तर तेल कोंडून ठेवणारा भाग ठीक आहे आणि पंप खरोखरच कमी तेल देतोय. तो डोळ्यांदेखत खाली बसला तर पंपाने दिलेलं तेल गळतंय. गळायला चार वाटा आहेत. लिफ्टच्या सिलेंडरमधला पिस्टन, म्हणजे त्याची ओरिंग किंवा रिंग. पंपापासून वर सिलेंडरपर्यंत जाणाऱ्या उभ्या पाईपच्या दोन्ही टोकांच्या ओरिंगा. रिलीफ वॉल्व्ह, म्हणजे दाब जास्त झाला की तेल सोडून देणारा. आणि पंपाचे स्वतःचे बाहेर सोडणारे वॉल्व्ह आणि तो कंट्रोल वॉल्व्ह.

तुमचं डुलणं इथे अर्थ देतं. पोझिशनवर लिफ्ट वर थांबली की वॉल्व्ह मधोमध येतो. तेल गळत असेल तर हात थोडे खाली येतात, लगेच लिंकेज वॉल्व्हला सरकवतं, पंप थोडं तेल देतो, हात वर, वॉल्व्ह बंद. पुन्हा गळती, पुन्हा खाली. इंजिन चालू असताना ठरावीक अंतराने होणारं हे डुलणं म्हणजे गळती, आणि तीही बऱ्यापैकी. म्हणून माझा पहिला संशय सिलेंडरच्या पिस्टनवर, दुसरा उभ्या पाईपच्या ओरिंगांवर, आणि पंपाच्या वॉल्व्हवर तिसरा. गरम तेल पातळ होतं, फाटलेल्या ओरिंगमधून जास्त पळतं, म्हणून थंड असताना उचलते आणि गरम झाल्यावर नाही. रेस वाढवली की पंप गळतीपेक्षा जास्त तेल देतो, म्हणून कशीबशी वर जाते. तिन्ही लक्षणं पंप धडधाकट असतानाही अशी दिसू शकतात. याउलट, लिफ्ट न डुलता फक्त एकसारखे धक्के घेत वर जात असती तर मी चारपैकी एखाद्या पिस्टनचा वॉल्व्ह धरला असता.

हे डोळ्यांनी बघायचीही सोय आहे. थोडं तेल काढून पातळी खाली आणा आणि हाऊसिंगच्या उजव्या बाजूचं, डिपस्टिकवालं झाकण उघडा. वजन उचलून इंजिन बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात आत बघा. वरून, कव्हरखालच्या सिलेंडरकडून तेलाची धार येत असेल तर पिस्टन. पाईपच्या तळाशी किंवा माथ्याशी पाझर असेल तर ओरिंग. खालून, पंपाच्या अंगातून उकळी फुटल्यासारखं तेल येत असेल तर पंप. इंजिन चालू असताना या झाकणातून हात आत घालायचा नाही, आत शाफ्ट फिरतोय. आणि दाबाखालची धार बोटाने चाचपायची नाही. बारीक छिद्रातून आलेलं तेल कातडीत सुईसारखं घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, पण आत बोट सडतं. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

ज्याच्याकडे ५००० पीएसआयपर्यंत दाब मोजणारं गेज आहे त्याने वर लिफ्ट कव्हरवरच्या पाईपच्या टोपणातला प्लग काढून ते लावावं. मॅसीच्या या घराण्यात रिलीफ साधारण २५०० ते ३००० पीएसआयला उघडतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. थंड असताना दाब पूर्ण आणि गरम झाल्यावर निम्म्यावर, हे झीज किंवा गळतीचं सरळ उत्तर. थंड-गरम दोन्ही वेळा सारखाच कमी असेल तर रिलीफ वॉल्व्हची स्प्रिंग दमलेली असते किंवा त्याच्या सीटमध्ये कचरा असतो. लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर आतून "कर्रर्र" असा आवाज येत राहिला तर रिलीफ उघडतोय. मग पंप जोरात आहे, लिंकेजची सेटिंग बिघडलीय. हा आवाज ऐकून पंप काढणारे मी पाहिलेत.

एवढं करूनही पंपच दोषी निघाला, किंवा पिस्टनच्या ओरिंगसाठी कव्हर काढायचंच आहे आणि हातासरशी पंप बघून घ्यायचाय, तर पुढचं वाचा. ट्रॅक्टर मधून फोडायची गरज नाही. सगळं वरून निघतं.

अवजार काढून लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडा, आत दाब उरता कामा नये. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. तेल सोडा. सीट, लिफ्ट रॉड, टॉप लिंक मोकळी करा. लिफ्ट कव्हरला हात लावायच्या आधी वरचं टोपण काढून तो उभा पाईप बाहेर ओढा. पाईप आत ठेवून कव्हर उचललं तर तो वाकतो. मग कव्हरचे बोल्ट. कव्हर जड आहे. दोघांनी "हं उचल" करून काढण्यापेक्षा चेन ब्लॉक लावा आणि सरळ वर घ्या. पण उचलायच्या आधी, कव्हरमधून खाली आलेला उभा लिव्हर पंपाच्या लिव्हरशी कसा गुंतलाय त्याचा बाजूच्या झाकणातून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, बसवताना तोच कामाला येणार आहे. मागून पीटीओ शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट काढून शाफ्ट बाहेर. हाऊसिंगच्या दोन्ही बाजूंना पंपाला धरून ठेवणाऱ्या पिना असतात, त्या काढल्या की पंप मागे सरकतो आणि वर येतो.

कव्हर बाहेर आहेच, तर सिलेंडरचा पिस्टन आधी काढा. नळकांडं उजेडाकडे धरून आत बघा. ओरिंग कडक झालेली, चपटी झालेली किंवा कडेने चावल्यासारखी दिसली तर तुमचा आजार सापडला. सिलेंडरच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवीन ओरिंग थोडेच दिवस टिकेल, सिलेंडर होन करा (आतून घासून गुळगुळीत करा) किंवा बदला. उभ्या पाईपच्या ओरिंगा कशाही दिसल्या तरी नवीन टाका. पाच-दहा रुपयांच्या ओरिंगसाठी पुन्हा कव्हर काढायची मजुरी भरायची नसते.

आता पंप टेबलावर. आधी बाहेरून डिझेलने धुवा, कापडाचे धागे राहणार नाहीत असं पुसा. टेबलावर जुनं पोतं नको, स्वच्छ पत्रा किंवा प्लास्टिक. उघडायच्या आधी पुढच्या-मागच्या बॉडीवर, दोन्ही वॉल्व्ह चेंबरवर आणि कॅम ब्लॉकवर खुणा करा. कॅम ब्लॉक आणि त्यांचे पिस्टन वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून बसलेले असतात, त्यांची अदलाबदल करायची नाही.

बघायचं काय? पिस्टनच्या बोअरमध्ये उभे ओरखडे आहेत का. नख अडकण्याइतके खोल असतील तर रिंग बदलून उपयोग नाही. रिंग पिस्टनवरून काढून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या तोंडाची फट फीलर गेजने मोजा, पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर नवीन. कॅम ब्लॉक इसेंट्रिकवर हाताने हलवून बघा, तो फिरला पाहिजे, खडखडता कामा नये. शाफ्टचे स्प्लाईन, म्हणजे टोकाचे उभे दाते, बघा. त्यांचा आकार दातऱ्यासारखा टोकदार झाला असेल तर शाफ्ट गेला. पार्ट मागवताना स्प्लाईन मोजूनच मागवा, कारण याच घराण्यात १० आणि २१ अशा दोन जाती आहेत. दुकानदाराला नुसतं "१०३५ चा पंप" म्हणाल तर निम्म्या वेळा चुकीचा डबा घरी येईल.

वॉल्व्ह चेंबर हा या पंपाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आत घेणारे आणि बाहेर सोडणारे वॉल्व्ह इथे असतात, छोट्या स्प्रिंगांवर. धान्याच्या कणाएवढी धातूची कपची सीटवर अडकली तरी तो पिस्टन निकामी होतो. वॉल्व्ह, सीट आणि स्प्रिंग एकत्र बदला, एकेक निवडून नको. चेंबर पंपाच्या बॉडीवर जिथे टेकतो तो चेहरा जाड काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा.

कंट्रोल वॉल्व्हवर थोडा वेळ घालवा. तो काढून स्वच्छ डिझेलमध्ये धुवा, पातळ तेलाचा हात लावा, त्याच्या बुशात घाला आणि उभा धरा. स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरला पाहिजे. गोल फिरवत तीन-चार वेळा करा. कुठल्या एका बाजूला अडकत असेल तर तिथे गंज किंवा ओरखडा आहे. तेवढ्यावर पॉलिश पेपर मारायचा मोह सगळ्यांना होतो, मारू नका. या वॉल्व्हची सगळी किमया त्याच्या आणि बुशाच्या बारीक फटीत आहे. पेपर मारला की तो मोकळा सरकेल, पण तेल धरणार नाही आणि लिफ्ट पहिल्यापेक्षा जास्त डुलेल. अडकत असेल तर बुशासकट सेट बदला. तो वॉल्व्ह चालू असताना एका जागी चिकटू नये म्हणून त्याला सतत बारीक हालचाल देणारा ऑसिलेटर पंपाच्या शाफ्टवरूनच चालतो. त्याचा पट्टा किंवा पिन झिजलेली असते, तुटलेली असते, आणि पंप जोडताना कोणी त्याच्याकडे बघत नाही. मग नवीन वॉल्व्ह टाकूनही लिफ्ट कधी ऐकते, कधी नाही.

दुरुस्ती की नवीन, याचा माझा हिशेब असा आहे. बॉडी, बोअर आणि शाफ्ट चांगले असतील तर वॉल्व्ह, रिंगा, कंट्रोल वॉल्व्ह सेट आणि सील किट टाकून तोच पंप वापरा. बोअर खरचटलेले, बुश ढिले आणि शाफ्टही खाल्लेला, असं तिन्ही असेल तर नवीन घ्या, कारण पार्टांची बेरीज नव्या पंपाच्या जवळ जाते. नवीन घ्यायचाच तर बिल आणि वॉरंटीसह कंपनीचा घ्या. बाजारात स्वस्तातले हुबेहूब दिसणारे पंप मिळतात. त्यातले काही ठीक असतात, पण ते ओळखायची सोय डबा बघून होत नाही. ते वापरायचेच असतील तर बसवण्याआधी उघडून धुवा, आत मशीनिंगचा कीस सापडतो.

जोडताना प्रत्येक ओरिंगला स्वच्छ तेल. ग्रीस थोडंच. सिलिकॉनचा लेप पंपाच्या कुठल्याही सांध्यावर नाही, वाळलेला तुकडा सुटला की सरळ वॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. बोल्ट टॉर्क रेंचने, आळीपाळीने. बॉडी वाकडी आवळली गेली तर पंप हाताने जड फिरतो, म्हणून आवळताना मधेमधे शाफ्ट फिरवून बघा. हाऊसिंगचा तळ पुसून काढा. इतक्या वर्षांचा गाळ तळाला ठेवून त्यावर दुरुस्त केलेला पंप बसवला तर पैसे वाया गेले समजा.

पंप बसवून, पिना लावून कव्हर खाली सोडताना तो मोबाईलमधला फोटो काढा. वरचा लिव्हर पंपाच्या लिव्हरशी नीट गुंतला की नाही, हे बाजूच्या झाकणातून बोट घालून चाचपायचं, इंजिन अर्थातच बंद. चुकीच्या बाजूला बसला तर ट्रॅक्टर सुरू करताच लिफ्ट वर जाऊन तिथेच अडकेल, किंवा हलणारच नाही. मग दिवसभराचं काम पुन्हा उलटं. उभा पाईप सगळ्यात शेवटी, नव्या ओरिंगांसह, तिरका न करता दाबा.

तेल भरा. इंजिन फक्त आयडलवर, अवजाराशिवाय. लिफ्ट पहिल्यांदा धक्के घेईल, आतली हवा निघतेय. सावकाश वर-खाली करत राहा, ती आपोआप गुळगुळीत होईल. मग इंजिन बंद करून पुन्हा डिपस्टिक बघा, तेल थोडं उतरलेलं असतं. त्यानंतर हलकं अवजार, आणि तेल चांगलं गरम झाल्यावर रोटाव्हेटर. काठीची तीच चाचणी पुन्हा करा. हे पहिलं तेल दीर्घकाळ ठेवू नका. उघडझाप केल्यावर बारीक कण सुटतात, काही दिवसांच्या कामानंतर ते काढून नवीन भरा.

रोटाव्हेटरबद्दल एक गोष्ट. १०३५ डीआयची उचल क्षमता ११०० किलो सांगतात, ती खालच्या लिंकच्या टोकाला. रोटाव्हेटरचं वजन त्या टोकाच्या बरंच मागे असतं आणि त्यात ओल्या मातीचा थर चिकटलेला, वर कोणी स्थिरतेसाठी दगड बांधलेला. लिफ्ट नवी केली तरी तिच्यावर दगड बांधून तिची परीक्षा घेऊ नका.

ज्यांच्याकडे गिअर पंपाचा ट्रॅक्टर आहे आणि पंप इंजिनाच्या टायमिंग गिअरवर चालतो, त्यांच्यासाठी यातलं निम्मं लागू नाही. त्यांनी मात्र एक खूण लक्षात ठेवावी: लिफ्टचं तेल कमी होतंय, बाहेर थेंब नाही आणि इंजिन ऑइलची पातळी वाढतेय, तर पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय. ते कळल्यावर इंजिन चालवू नका, ते मिसळलेलं तेल इंजिनालाही खातं.

गॅरेजवाल्याला उद्या फक्त एवढं सांगा: आधी गरम तेलावर वजन उचलून धरून दाखव, मग झाकण उघडून धार कुठून येते ते दाखव. तो तयार झाला तर काम त्यालाच द्या. सिलेंडरचा पिस्टन निघाला तर पंप न काढता एका दिवसात मोकळे व्हाल. आणि नवीन पंप टाकायची वेळ आलीच, तर जुना पंप त्याच्याकडे सोडू नका. त्याची बॉडी, चेंबर, शाफ्ट यांना गिऱ्हाईक आहे. किंवा धुऊन, तेल लावून, पोत्यात बांधून ठेवा, दुसऱ्या मॅसीवाल्याला लागेल.